शेळीच्या गळ्यातली घंटी

मंगळवार, नोव्हेंबर २००१. दिवेलागण.

घाईत लिहितीया. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आबांना आता काय आठवत न्हाई. माझं, सख्ख्या नातीचं, नावबी न्हाई. उठलं की मेंढरं हुडकत निघत्यात. मेंढरं कवाच विकली, एक शेळी तेवढी ऱ्हायली! आईला एकटीला व्हईना म्हनून मी शाळा सोडली. आबांच्या काठीला मेंढराची जुनी घंटी मीच बांधली. वाजत लांब चालली की आई हातातलं टाकून पळायची.

आज घंटी अंगणातच वाजत व्हती, म्हनून आम्ही दोघी भाकरी करत बसलो. बाहेर आले तर घंटी शेळीच्या गळ्यात! आबांनीच काठीची सोडून तिला बांधलेली. त्यांचं तरी काय चुकलं, घंटी जनावराचीच.

आबा कॅनॉलच्या काठावर घावलं, पाय पाण्यात. मला म्हनलं, "पोरी, कुणाची गं तू? हाळी दे, मेंढरं पल्याड गेली."

आई ओरडली न्हाई. पदरानं सासऱ्याचं पाय पुसलं. "चला मामा." वाटंत मला हळूच म्हनली, "सुमे, घंटी शेळीच्या गळ्यात हाय हे मला कळलं व्हतं. काठीवर ती अशी वाजत न्हाई."

"मंग उठली का न्हाईस?"

"उठूच वाटंना गं."

तवापासून आईकडं बघायचं भ्या वाटतंय.

घंटी मी परत काठीला बांधली, निरगाठ मारून. आत्ता ती वाजतीया, दाराकडं चाललीया. आई चुलीपाशी बसलीया. तिला ऐकू येतंय, मला म्हाईत हाय.

मीच जाते.