माझ्या दाराची चौकट

११ जाने., रवि. लातूर.
आर्किटेक्ट आला होता. पोरगा हुशार, पण माझ्याकडे बघून बोलेना. सगळं सूरजला विचारतो. "आईंना बाथरूममध्ये धरायला दांडा लागेल ना?" अरे बाबा, आई समोरच बसलीय. निलंग्याच्या शाळेत जन्मभर वर्ग सांभाळले मी, लेकाच्या तोंडून बोलायची वेळ अजून आली नाही.
नव्या घरात खाली माझा वेगळा भाग. खोली, मोरी, रस्त्याकडे स्वतःचं दार. मी म्हटलं, ओटाही हवा. गॅस, सिंक, दोन फळ्या. सूरजनं विषयच बदलला.

१२ जाने.
का बदलला, ते आज सूरजच बोलला. "एका घरात दोन चुली म्हणजे वाटणी झाली म्हणतील लोक. आईला वेगळं टाकलं म्हणतील."
हे गेले, मी या फ्लॅटमध्ये आले, तेव्हापासून एकच ऐकतेय. "आई, तुम्ही बसा." बसून बसून लाकूड झालंय माझं. ज्वारीचं पीठ बघितलं की हात शिवशिवतात. सोमवारी अय्या, आमचे लिंगायतांचे जंगम गुरू, जेवायला येतात, त्यांनाही सुनेच्या हातच्या पोळ्या. माझा सोमवार होता तो.

१ फेब्रु.
उदगीरहून भावजी आले, ह्यांचे धाकटे भाऊ. सूरजनंच बोलावलेले, मला समजवायला.
"वैनी, आपल्यात असं करत न्हाईत. दादा असते तर?"
"दादा असते तर आधी माझ्या हातची भाकरी मागितली असती."
चहा अर्धा टाकून गेले. जाऊ देत.
संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना सून, रूपाली, हळूच म्हणाली, "आई, तुमचा ओटा झाला तर मलाबी मोकळं वाटंल. पण मी बोलले की मी वाईट." राग आला. पण या घरात एवढं एकच खरं बोलणं झालं आजवर.

८ फेब्रु.
नवा प्लॅन. ओट्याच्या जागी 'पँट्री'. म्हणजे काय, तर चहाची इलेक्ट्रिक किटली ठेवायला फळी. मला काय हॉटेलात उतरायचंय?
दार तरी आहे ना, सूरजला विचारलं. आहे म्हणाला.

३ मे, रवि.
साइटवर न सांगता गेले. बरं झालं गेले. माझ्या दाराच्या जागी कमरेइतक्या विटा.
मिस्त्री म्हणाला, "साहेबानी खिडकी करा म्हणले, बाई. तुम्हाला दार हॉलातून हाय की. मी काय, सांगतील तसं करून राहिलो."
तळपायाची आग मस्तकात गेली. "प्लॉट कुणाच्या नावावर हाय, विचार तुझ्या साहेबाला." ह्यांनी माझ्याच नावावर घेतला होता. आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवलं.
फोनवर सूरज, "रस्त्याकडनं दार ठेवलं तर तुझ्याकडं कोण येतंय, कोण जातंय, मला कसं कळणार?"
कळू नये म्हणूनच तर. तेवढं मात्र बोलले नाही.

५ मे
गंजगोलाईजवळच्या सुताराकडून सागाची चौकट घेतली. टेम्पोत घालून, शेजारी बसून नेली. मिस्त्रीनं विटा काढल्या. रविवारी बसवायची.
घरी आले तर रूपाली, "आई, चौकटीच्या पूजेला जोडपं लागतंय. तुम्ही कशा..." पुढचं गिळलं तिनं. म्हणजे माझ्याच दाराला हळदकुंकू लावायला मी चालत नाही, कारण हे नाहीत. सूरज-रूपाली बसले तर चालतं, आणि सूरज बसणार नाही म्हणतो.
गळ्यात लिंग, भिंतीवर बसवण्णांचा फोटो, आणि विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही. कोणत्या वचनात लिहिलंय, दाखवा म्हटलं.

१० मे, रवि.
हळद मी लावली. कुंकू मी लावलं. वरती पिवळं कापड रूपालीनं बांधलं, न सांगता.
मिस्त्री नारळ हातात धरून, "साहेब येऊ द्यायचे का, बाई?" मीच घेतला आणि फोडला. पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.
तेवढ्यात सूरजची गाडी. उतरला, पण माझ्याकडे बघेना. "इथं दोन चुली पेटल्या तर मी न्हाई येणार राहायला."
मी म्हटलं, "चौकट सरळ बसली का बघ."
गाडीचं दार लावून पुढं आला. मग मिस्त्रीच्या हातातून ओळंबा घेतला, दोरी धरून एक डोळा मिटला. अगदी ह्यांच्यासारखा. "डावीकडं कललीय," म्हणाला. मिस्त्रीनं पाचर मारून नीट केली. सूरजनं परत ओळंबा लावून बघितला, आणि गाडीत बसून निघून गेला. कुंकू पुसायला सांगितलं नाही. प्रसादाचं खोबरंही घेतलं नाही.
ओट्याचं नाव कुणी काढलं नाही. उद्या सोमवार, अय्या जेवायला येतील. उद्या मीच काढणार.