‘मातेची उदासीनता’ हा शेरा रद्द होणेबाबत

प्रति,
मा. मुख्य आरोग्य अधिकारी,
स्थानिक संशोधन क्षमतावृद्धी कक्ष,
आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : घर क्र. ४१ मधील बाळाच्या नोंदीतला माझ्या हातचा शेरा रद्द करणे व बुधवारच्या प्रशिक्षणातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : माझा अहवाल, ‘कर्मचारी निष्कर्ष काढण्यास अद्याप सक्षम नाही’ या शेऱ्यासह परत आलेला.

महोदय,

१. मी नदीपलीकडच्या उपकेंद्रात चौदा वर्षे परिचारिका आहे. केंद्रात मी एकटीच असून दर बुधवारी बाळांना लस देते. योजना कागदावर धावते आणि गल्लीत अडते ती का, हे बाहेरच्या तज्ज्ञांऐवजी गल्लीतल्याच कर्मचाऱ्यांनी शोधावे, असे गतवर्षी आपल्या कार्यालयाने ठरविले व त्यासाठी आमचे प्रशिक्षण सुरू केले. हा विचार मला मनापासून पटला, आजही पटतो. मला विषय मिळाला : बाळांचा तिसरा डोस का चुकतो?

२. मी बासष्ट घरे फिरले. छापील तक्त्यात कारणांचे सहाच रकाने होते : अज्ञान, गैरसमज, घरच्यांचा विरोध, अंतर, स्थलांतर व मातेची उदासीनता. एकही ओळ कोरी ठेवू नये, अशी सक्त सूचना होती. म्हणून ज्या अकरा माता कुठेच बसेनात, त्यांच्यापुढे मी शेवटच्या रकान्यात खूण केली आणि सूचनेप्रमाणे तोच शेरा त्यांच्या बाळांच्या नोंदीतही लिहिला. घर क्र. ४१ मधली शिवणकाम करणारी बाई त्यांतलीच. ही चूक सर्वस्वी माझी आहे.

३. पुढच्या प्रशिक्षणात तारखा शेजारी शेजारी मांडून पाहण्यास शिकविले. मी मांडल्या. अकरापैकी नऊ बाळांच्या डोसाच्या बुधवारी केंद्राला कुलूप होते आणि मी आपल्या सभागृहात डोस का चुकतो हे शिकत बसले होते. सभागृह फक्त बुधवारीच मोकळे असते, असे समजले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! तसा अहवाल मी दिला. तो परत आला, आणि माझी क्षमता वाढावी म्हणून येत्या बुधवारपासून आणखी चार बुधवार प्रशिक्षणास हजर राहण्याचा आदेश सोबत आला.

४. दरम्यान घर क्र. ४१ मधल्या बाळाला डांग्या खोकला झाला. नऊ दिवस ते मोठ्या दवाखान्यात आहे. खोकताना निळे पडते. तिथल्या डॉक्टरांनी नोंद उघडली, माझा शेरा वाचला आणि साऱ्या वॉर्डासमोर त्या बाईला विचारले, “एवढा आळस होता तर मूल कशाला जन्माला घातलंत?” केंद्रासमोरचा सायकल दुरुस्तीवाला शपथेवर सांगतो की ती तीन बुधवार बाळाला घेऊन आली होती आणि पायरीवर तासभर बसून परत गेली.

५. शेरा बदलण्यासाठी मी कक्षातल्या लिपिकांकडे गेले. संशोधनाची माहिती आता बंद झाली असून तिला हात लावणे हा गैरप्रकार ठरतो, असे त्यांनी सांगितले. माहितीशी खेळू नये, हे मलाही प्रशिक्षणातच शिकविले आहे. पण खोटे तसेच ठेवावे, असे कोणी शिकविले नव्हते.

६. सबब विनंती की सदर शेरा रद्द करून तिथे ‘केंद्र बंद’ असे लिहावे, तक्त्यात त्या नावाचा सातवा रकाना घालावा व प्रशिक्षण अन्य वारी ठेवावे. येत्या बुधवारी अडतीस बाळांचा डोस आहे. परवानगी मिळो न मिळो, मी केंद्र उघडणार आहे. त्याबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य राहील.

७. काल दवाखान्यात जाऊन मी त्या बाईला म्हटले, “अगं, तू आली होतीस. चूक माझी आहे, मी खोटं लिहिलं.” तिने बाळाचे पांघरूण सारखे केले आणि म्हणाली, “असं कसं, सिस्टर? तुम्ही लिहिलंय म्हणजे मीच कुठंतरी कमी पडले असेन.”

महोदय, तिचा माझ्या अक्षरावर एवढा विश्वास आहे. ते अक्षर मला खोडू द्यावे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
परिचारिका, नदीपलीकडचे उपकेंद्र
दिनांक : सोमवार

सोबत : १) तारखांचा तक्ता २) सायकल दुरुस्तीवाल्याचा जबाब, अंगठ्यासह