घट्ट खडक आणि माझी खात्री

३ मार्च
संकल्प : या विहिरीचा अहवाल एकट्याने लिहायचा. विभागप्रमुखाची खुर्ची महिनाअखेर रिकामी होतेय, आणि तिच्या मापाचा माणूस ऑफिसात एकच. साहेब म्हणतात, खडक फार घट्ट, गॅस असला तरी अडकलेला, तेव्हा सगळ्या शाखांनी एकत्र बसा. एकत्र बसून लग्नं जमतात. असल्या बारभाई कारभारात गॅस सापडत नाही.

६ मार्च
लॉग आले. विहिरीत यंत्र सोडून काढलेले खडकाचे आलेख. मधल्या थरात घनता धाडकन खाली! म्हणजे खडक सच्छिद्र, म्हणजे गॅस. चहा निवायच्या आत निदान तयार.

७ मार्च
विहिरीतून काढलेले दगड तपासणारी कोअर लॅबवाली म्हणाली, त्या थराच्या नमुन्यात छिद्रं नाहीतच, नुसता दगड. म्हटलं, जमिनीखालून काय कापूस निघणार होता?
कोअर लॅबवाली म्हणजे आमची सौ. ऑफिसात नाती पाळायची नाहीत, हे माझं तत्त्व.

९ मार्च, संध्याकाळ
भाजी निवडता निवडता सौ.ने विचारलं, अहो, लॉगमधला विहिरीच्या रुंदीचा पट्टा बघितलात का? तिथे भिंत ढासळली असेल तर यंत्राने खडक नाही, चिखल मोजलाय. उचलली जीभ लावली टाळ्याला!
तो पट्टा मी कधीच कापून टाकलाय. स्लाइडवर फार गर्दी होत होती.

१२ मार्च
प्रेझेंटेशन झकास. सिस्मिकवाल्याने जमिनीत लहरी सोडून काढलेली थरांची रंगीत चित्रं दाखवली. पोरं बरी काढतात. साहेबांनी विचारलं, कोअर लॅबची संमती आहे ना? सौ. रजेवर. दिलं ठोकून, आहे म्हणून. घरचाच तर मामला.

१९ मार्च
अडकलेला गॅस मोकळा करायला थर फोडला. गॅस फुंकरीइतकाही नाही. माझ्या मते आहे, पण भिडस्त आहे.

२० मार्च
साहेबांनी सौ.ला संमतीबद्दल विचारलं. तिने सरळ नाही म्हणून सांगितलं! नवऱ्याची लाज राखायला काय जात होतं? घरी आल्यावर चांगलं सुनावलं. ती म्हणाली, तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का?
लागलं ते. तिच्यासमोर दाखवलं नाही.

३१ मार्च
सगळ्या शाखांची मिळून एक टीम केली. प्रमुख सौ. मोठ्या मनाने साहेबांना म्हटलं, तिला सांभाळून घ्यायला मी आहेच. साहेबांनी तिला विचारलं, यांना घ्यायचं का?
ती म्हणाली, सगळ्यांशी बोलून सांगते.