सूर्यास्ताच्या आत

मंचर,
मंगळवार

प्रिय (आज जरा कमीच प्रिय) सिद्धी,

फोन न करता पत्र का लिहिते, असं विचारू नकोस. फोनवर पप्पांचं नाव काढलं की तू लगेच ‘मम्मी, गिऱ्हाईक आलंय’ म्हणून ठेवून देतेस. भर दुपारी चारला कोण येतं गं बांगडा खायला? म्हणून हे पत्र, आणि तेही पेठच्या गोरखच्या हातून. आपला नेहमीचा गाडीवाला, तुला आठवत असेलच. तुझं वाचून होईपर्यंत दारातून हलायचं नाही, अशी तंबी दिलीय त्याला.

तर तुझ्या वडिलांना समुद्राचं खूळ लागलं. घोडनदीपेक्षा मोठं पाणी कधी न बघितलेला माणूस! एक दिवस जेवता जेवता म्हणाले, गुडघ्यांना समुद्राची हवा चांगली, डॉक्टर म्हणालेत. कुठला डॉक्टर? दवाखान्यात मीच होते शेजारी. तो बिचारा म्हणाला होता, वजन कमी करा. बरं, जायचं कुठं, तर दिवेआगरला. जिनेश म्हणाला, पप्पा, अलिबागला सोय चांगली आहे. नको. सूनबाई चेतना म्हणाली, महाबळेश्वरला जाऊ, थंडही असतं. अगं, समुद्र पाहिजे ना त्यांना! ‘मासळी शिजवणाऱ्या घरात माझी मुलगी नाही’ असं ज्यांनी तुझ्या लग्नानंतर अख्ख्या बाजारपेठेत सांगितलं, त्या सुवालाल शेठना एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर नेमकं तुझंच गाव सापडलं. मी म्हटलं, हवा तिथलीच लागते का गुडघ्यांना? तर माझ्यावरच डोळे वटारले.

गाडीत माणसं कमी आणि डबे जास्त. खाखरा, मेथीच्या पुऱ्या, शेव, दशम्या, शिवाय पाणी गाळायचं फडकं. ताम्हिणीच्या घाटात चेतनाला उलट्या. उतरलो तर काय ते उकडणं! पण खोटं कशाला बोलू, किनारा बघून माझाही जीव हरखला. सुरूची झाडं, पलीकडे पोफळीच्या वाड्या, आणि वाळू अशी स्वच्छ, जशी दुकानातली घासून ठेवलेली परात. पाण्यात पाय सोडून बसावं, लाटा बघाव्या, एवढंच माझ्या मनात होतं. पण तुझे पप्पा बसू देतील तर शपथ. गुडघे दुखतात म्हणून आलेला हा माणूस सकाळ-संध्याकाळ खानावळींच्या रस्त्यानं फेऱ्या मारत सुटला. नाकाला रुमाल, पायात मोजे, आणि प्रत्येक पाटीसमोर थांबणं. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी, तिसऱ्या, सगळं मान वर करून वाचायचं, छी छी म्हणायचं आणि पुढच्या पाटीपाशी जायचं. चूल पेटलेली, मसाला परतल्याचा वास, बाहेर खुर्च्यांवर माणसं काटे बाजूला काढत बसलेली. ती बघायची आमच्या तोंडाकडे. शरमेनं मेले मी.

शेवटी गोरखनं मला बाजूला घेऊन सांगितलं, मंगलाकाकू, शेठ लई दिवसांपासून ताईंच्या हाटेलाचे फोटो बघत्यात मोबाईलवर. दुकानात गादीवर बसून! तळलेल्या सुरमईचे फोटो, आपले सुवालाल शेठ! तिथं कुणी तरी तुला पाचपैकी तीनच चांदण्या दिल्या होत्या म्हणे, तर गोरखला विचारत होते, हा कोण माणूस आहे, कुठला आहे. मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. मला विचारलं असतं तर तुझ्या खानावळीचा पत्ताच दिला असता की, पण विचारायचंच नाही, मग मीही म्हटलं, शोधा तुमचं तुम्ही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडली एकदाची तुझी खानावळ, अगदी टोकाला, सुरूच्या बनाशी. पाटीवर वर सगळी मासळी आणि खाली लहान अक्षरांत, ‘जैन जेवण मिळेल. कांदा-लसूण-बटाटा नाही. सूर्यास्ताच्या आत.’ पप्पांनी वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं. मी म्हटलं, चला आत. तर म्हणे, मासळीच्या खानावळीत पाणी तरी पिईन का मी? बरं, मग निघू या. तर तेही नाही! तसेच उभे. किनाऱ्यावरची सगळी माणसं मोबाईल वर धरून मावळता सूर्य बघत होती आणि हा एकटा माणूस समुद्राकडे पाठ करून तुझ्या पाटीकडे बघत होता.

आणि तू गं? तू खिडकीत होतीस, हातात डाव होता, अंगावर तो माझा जुना निळा दुपट्टा. तू आम्हाला बघितलंस. नाही म्हणू नकोस, मी आई आहे तुझी. मी हात केला तर तू मान खाली घालून पातेल्यात डाव फिरवत बसलीस. ते दारात येईनात, तू दाराबाहेर येईनास. इकडून एक आडमुठं, तिकडून एक आडमुठं, आणि मध्ये मी वाळूत चप्पल रुतवून उभी. एवढ्यात सूर्य बुडाला. पप्पांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, संपलं, आता चौविहार, सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. जणू काही सुटलेच!

परत निघालो तेव्हा त्यांनी गोरखला उगाच विचारल्यासारखं विचारलं, तिथं भांडी तरी वेगळी असतील का रे? गोरख आदल्या रात्री तुझ्याकडेच जेवला होता. तो म्हणाला, शेठ, मागच्या अंगाला चूलच वेगळी हाय. तिथं मासळीचा हात लागत न्हाई. इकडं जैन कोन येनार? पन ताई रोज बेसनाचे गट्टे करत्यात, एक ताट वाढून ठिवत्यात. सूर्य बुडला की गाईला घालत्यात. सिद्धी, पुणं गेलं, खेड गेलं. पेठ आल्यावर तुझे पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, मंगला, गुडघ्याला बराच आराम पडलाय गं, परत गेलं पाहिजे.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी आम्ही परत येतोय, आणि ही शेवटची वेळ आहे. चातुर्मास बसला की ते महाराजसाहेबांसमोर नियम घेणार आहेत, घराबाहेरचं अन्न जन्मभर बंद. स्थानकात प्रवचनाला आलेल्या सगळ्यांना सांगून बसलेत, आणि एकदा नियम घेतला की जीव गेला तरी मोडायचे नाहीत. मग तू रोज ताट वाढ नाहीतर वाढू नकोस, तुझ्या हातचा घास त्यांच्या पोटात जायचा नाही. ते आपणहून आत येणार नाहीत, हे मी तुला लिहून देते. पाटी वाचून कोणी बाप घरात येत नाही, बाई, त्याला हाक मारावी लागते. तेव्हा रविवारी ऊन असतानाच डाव खाली ठेव, बाहेर ये आणि म्हण, पप्पा, जेवायला चला. एवढंच. माफी मागू नकोस, मागायला लावू नकोस, रडायचं असेल तर दोघंही जेवल्यावर रडा. जावयांना म्हणावं, मलाही भूक असते, दोन ताटं वाढा. आणि गट्ट्यात तिखट बेतानं घाल, पप्पांना आता सोसत नाही.

तुम्हा दोघांपुढे हात टेकलेली, तरी तुझीच,
मम्मी