धर्मापुरीच्या पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर

३ मार्च
श्रीशैलचं स्थळ पुन्हा फिसकटलं. मुलीकडच्या बायका घर पाहायला आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. एकीने भिंतीवरून बोट फिरवलं, दुसरीला दाखवलं, झालं. बोटाला काळं लागलं म्हणे. मग काय अत्तर लागणार होतं? पोरगा एकतीसचा झाला. संताप संताप होतोय.
सोळाला धर्मापुरीचे लोक येणार. तोवर किचन नवंकोरं. बजेट तीन हजार. कारागीर नाही. मोबाइलवर एक बाई दोन दिवसांत करते, मला एक पुरे.

५ मार्च
पिस्ता कलर आणला. दुकानदार म्हणे आधी भिंत घासा, तेलकटावर रंग धरत नाही. त्याला पॉलिश पेपर खपवायचाय. तीस वर्षं दुकान चालवलंय मी, मला शिकवतो.

७ मार्च, सकाळी ११
गॅसमागचा रंग ओघळला. बत्तीस वर्षांच्या फोडण्यांचा परिणाम. महानंदाला तसं स्पष्ट सांगितलं. तिने विचारलं, त्या फोडण्या खाल्ल्या कुणी. बायको मुद्द्यावर कधीच बोलत नाही.

९ मार्च
त्या भिंतीवर मार्बलचा स्टिकर. एक फुगा आला, त्यावर कॅलेंडर. दुसरा आला, त्यावर गेल्या वर्षीचं.
डबे सगळे एकसारखे, पांढरे. नावं लिहू दिली नाहीत. लुक जातो.

११ मार्च
महानंदाने फोडणी दिली आणि स्टिकरचा कोपरा सुटला. मुद्दाम! ऑर्डर काढली: सोळापर्यंत आत गॅस पेटणार नाही. मागच्या अंगणात तीन विटा मांडून दिल्या.

१३ मार्च
चहात मीठ. श्रीशैल म्हणतो, आईला आत येऊ द्या. हे सगळं कुणासाठी चाललंय, गाढवा?

१६ मार्च, दुपारी ४
आले. मुलगी वर्षाराणी, शिकलेली, नीट बोलणारी. श्रीशैल पहिल्यांदाच हसताना दिसला. मुलीची आत्या कौशल्याबाई थेट आत. बोट फिरवलं. स्वच्छ! मी दारातच उभा होतो, छाती ताणून.
मग तिने गॅसवर हात ठेवला. थंडगार. डबे उघडले. चहा कुठून आला विचारलं आणि मागचं दार उघडलं. महानंदा भर उन्हात विटांपुढे बसून पाहुण्यांच्या नाश्त्याला चुरमुऱ्यांच्या सुशीलाला फोडणी देत होती, पदराने डोळे पुसत.
कौशल्याबाई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "घर लई झकास हाय. पर सासूच उन्हात बसलीय, तर आमच्या लेकीला कुठं बसिवताल?"

१७ मार्च
नकार आला. अडाणी माणसं. रंगाला मात्र कुणी नाव ठेवलं नाही, हे नोंदवून ठेवतो.
श्रीशैलने सकाळीच अंगणातल्या विटा उचलून टाकल्या.
महानंदा मला न विचारता आत गेली, गॅस पेटवला. आमटीला उकळी आली तसा स्टिकर वरून सुटायला लागला. मी धावत जाऊन दोन्ही हातांनी धरला. सोडला असता तर सरळ पातेल्यात.
मायलेकं तिथेच खाली बसून जेवली. मला कुणी हाक मारली नाही. हात मोकळे नव्हतेच म्हणा.