पिकअपची वेसण

कनेरगाव नाका, जि. हिंगोली
भाद्रपद शुद्ध दशमी

चिरंजीव सोमेश्वर यास शकुआक्काचे आशीर्वाद. तुझी तब्येत उत्तम असेलच. रोज किती पावलं चाललास हे तुझा फोन साऱ्या नातेवाइकांना कळवतो, त्यामुळे ती चौकशी आता उरलेली नाही. वहिनीच्या खांद्याचं दुखणं कसं आहे ते मात्र फोन कळवत नाही, म्हणून विचारते. दिपक आणि पुनम मजेत असोत. माझं म्हणशील तर रक्तदाब बरा आहे, गुडघे जागच्या जागी आहेत, डोकंही आहे (तुझा समज वेगळा असला तरी), आणि पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकात हवा भरपूर आहे. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाच. त्यासाठीच हे पत्र आहे.

पत्र का लिहिते आहे, फोन का केला नाही, असं तुला वाटेल. त्याचं उत्तर ओघात येईल. तूर्त एवढंच, की हे स्पीड पोस्टाने पाठवते आहे आणि पोस्टमन तुझी सही घेतल्याशिवाय हलणार नाही.

माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला तू ही विजेवरची पिकअप दारात आणून उभी केलीस, बॉनेटला लाल फीत बांधलीस, फोटो काढलेस. सगळ्या नाक्याने म्हटलं, भाऊ असावा तर असा. गाडीचे कागद तुझ्या नावावर, कंपनीत नोंदवलेला मोबाइल नंबर तुझा, आणि तिची सगळी खबर जाते तीही पुण्याला तुझ्या फोनवर, हे मला महिन्याभराने कळलं. म्हणजे गाडी माझ्या दारात राहते, माझ्या विजेवर जेवते आणि चुगल्या तुझ्याकडे करते. अशी सून कोणाच्या घरात आली असती तर लोकांनी नावं ठेवली असती. इथे सगळे तिला भेट म्हणतात. तरी मी बोलले नाही, कारण गाडी खरंच कामाची निघाली. गावातल्या आणि तांड्यावरच्या बावीस घरांचं दूध ती सकाळी आठच्या आत हिंगोलीच्या डेअरीत पोचवते, मोहनसिंग चालवतो, आणि मला रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच पहाटे उठायला काहीतरी कारण मिळालं आहे.

आता मोहनसिंगबद्दल. तू त्याला ‘तो अडाणी’ म्हणतोस म्हणून सांगते. त्याच्या पणजोबाचा दोनशे बैलांचा तांडा होता, मीठ आणि धान्य लादून निजामाच्या मुलखात उभा-आडवा फिरायचा. (आपले पणजोबा त्या काळी ओट्यावर बसून पान खात होते, असं बाबाच सांगत.) त्यामुळे मोहनसिंगला ओझं वाहणारी एकच गोष्ट समजते, ती म्हणजे बैल. गाडी सुरू करण्याआधी तो तिच्या बॉनेटवर थाप मारतो. चढ लागला की जिभेने टक् टक् करतो. मी सुरुवातीला हसायचे. पण अडीच वर्षांत त्याच्या हातून गाडीला एक ओरखडा नाही, आणि तुझ्या दिपकने पहिल्याच दिवाळीत ती आपल्या फाटकाला घासली होती, तेव्हापासून मी हसत नाही.

तर पोळा आला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात, जुनी वेसण काढून नवी घालतात, हे तू विसरला असलास तर आठव. मोहनसिंगकडे आता बैल उरलेला नाही, गाडी आहे. त्याने तिला बोअरवर नेऊन धुतलं, दोन्ही आरशांना शिंगांसारखा हिंगूळ लावला, टायरांना हळद-तूप चोळलं (तूप पारुबाईच्या घरचं. पारुबाई म्हणजे त्याची आई, आणि ते तूप तिने मला कधी वाढलेलं नाही). मग राहिली वेसण. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि ठरवलं, की जिथून हवा आत-बाहेर जाते ते नाक. चाकाचा वॉल्व्ह. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून त्याने पुढच्या डाव्या चाकाचा तो धातूचा वॉल्व्ह काढवला आणि नवाकोरा, काळा, रबरी बसवला. स्वतःच्या पैशाने. आतून वॉल्व्हला चिकटलेली काडेपेटीएवढी एक काळी डबी निघाली. पंक्चरवाला म्हणाला, कंपनीवाले वजनासाठी काहीबाही ठेवतात. ती डबी म्हणजे हवा मोजणारा सेन्सर. मी नंतर विचारलं, चार चाकं असताना एकच वॉल्व्ह का बदललास? तो माझ्याकडे बघत राहिला, जसं मीच काही वेडंवाकडं बोलले असावं.

“बाई, बैलाला नाक एकच ऱ्हातंय.”

यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव. आणि जुनी वेसण उकिरड्यावर टाकायची नसते, वाहत्या नाहीतर भरल्या पाण्यात सोडायची असते, असं त्यांच्या घरात आहे. म्हणून पोळ्याच्या दिवशी (त्या दिवशी दूध घरोघरच्या खिरीत जातं, डेअरीला सुट्टीच) तो बसने औंढ्याला गेला, तिथून सिद्धेश्वरला, आणि धरणाच्या पाण्यात हळद-कुंकू वाहून तुझा सेन्सर सोडून आला. इतक्या इतमामाने आपल्याकडे माणसांच्या अस्थीही नेत नाहीत.

तुझ्या फोनने तुला सांगितलं की चाकात हवा शून्य. तू मला एका दुपारी अकरा फोन केलेस. मी अकराही उचलले. बाहेर जाऊन चाकाला लाथ मारून पाहिली, अंगठा दुखला, टायर टणक. तसं सांगितलं, तर तू म्हणालास, “आक्का, फोन चुकत नाही, तुझ्या वयात नजर चुकते.” मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली आहेत. फोन किती चुकतो हे मला सांगू नकोस.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी पंचवीसच्या वर पळेना. स्टिअरिंगसमोरच्या काट्यांच्या काचेवर कासवाचं चित्र पेटलं होतं. याचा अर्थ गाडी रुसली आहे आणि जपून चालवा, असं गाडीबरोबर आलेल्या त्या जाड पुस्तकात पान एकशे बारावर लिहिलं आहे. मोहनसिंगने पुस्तक वाचलेलं नाही. पण देवळात शिरताना देवाच्या आधी कासवाला हात लावतात हे त्याला माहीत आहे. त्याला वाटलं, नवी वेसण मानवली, पोळा पावला. त्याने कासवाला नमस्कार केला आणि रोज एक झेंडूचं फूल तिथे खोचायला लागला, त्याच्याआड खालची सूचना झाकून गेली. तीन दिवस दूध उशिरा पोचलं. चौथ्या दिवशी डेअरीने दूध फाटलं म्हणून पाच कॅन परत पाठवले, तेव्हा मी फूल उचलून खालचं वाचलं.

मग तुझा मेसेज आला. ड्रायव्हरला काढ, गाडी पुण्याला आणतो, दिपक रविवारी येईल, तूही सामान बांध, बाराव्या मजल्यावर तुझी खोली तयार आहे. चार ओळींत तू एका माणसाची नोकरी, बावीस घरांचं दूध आणि माझं उरलेलं आयुष्य उरकलंस. एवढं थोडक्यात लिहिणारा मुलगा शाळेत निबंधात नापास कसा झाला, कळत नाही.

मी सामान बांधलं नाही. मोहनसिंगला घेऊन नांदेडला निघाले, सेन्सर बसवायला. कासवाच्या चालीने नांदेड किती लांब आहे हे तुला पुण्यात बसून समजणार नाही. आम्हाला एका सायकलवाल्याने मागे टाकलं आणि वळून पाहिलं. कळमनुरीत आठवडी बाजार होता. तिथे एका बाईने आमची गाडी चालतीच असताना मागे मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या, बराच वेळ शेजारून चालली, माझ्याशी लेकीच्या बाळंतपणाचं सगळं बोलली, आणि आपलं घर आल्यावर जुड्या उचलून गेली. तिच्यासाठी आम्ही वेग कमी केला नव्हता, बाजाराच्या गर्दीत तो तेवढाच उरला होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये टाय घातलेल्या एका मुलीने, नाव सपना, सेन्सर बसवला. पोरगी कामाची. पण सेन्सर बसवून भागत नाही, गाडीने त्याला ओळखावं लागतं, आणि ओळख करून द्यायला मालकाच्या फोनवर जो ओटीपी जातो तो तीन मिनिटांत सांगावा लागतो. मी तुला फोन केला. उचलला नाहीस. पुन्हा केला. सपनाने पाच वेळा नवा ओटीपी मागवला, पाचही तुझ्या खिशात जाऊन मेले. शेवटी मी पुनमला फोन लावला. ती भाबडी बोलून गेली, की पप्पा घरीच आहेत, बाल्कनीत, पण पोळ्यापासून त्यांनी तुमचा नंबर सायलेंटवर टाकलाय.

सोमेश, शून्य हवेचा फोन तू अकरा वेळा केलास.

मी पुनमला म्हटलं, असू दे. तुला उठवायला सांगितलं नाही. हैदराबादला मी शिकले त्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आमच्यावर छड्या खूप मोडल्या, पण कोणाच्या बंद दारावर दोनदा टकटक करायची नाही, हे शिकवलं. नवा सेन्सर चाकात बसला आहे, गाडी त्याला ओळखत नाही, आणि आम्ही कासवासकट परत आलो. आता मोहनसिंग दीड तास आधी दूध गोळा करतो. तीन घरांनी दूध देणं थांबवलं आहे. काल पारुबाई येऊन पायरीवर बसली, तिने विचारलं, “बाई, तुमी पुण्याला चालल्या म्हणून राहिले लोक, व्हय का?” आणि पदराखालून तुपाची वाटी काढून ठेवली. मी म्हटलं, न्हाई. तिथे मी तुझ्याही वतीने बोलले, हे लक्षात घे.

वहिनीला खांदा शेकायला सांग. तुझ्या पावलांना माझे आशीर्वाद, ती मोजत राहा.

तुझी,
शकुआक्का

ता. क. १ : सोबत कंपनीचा एक छापील अर्ज आहे. गाडीला तुझ्या नंबरऐवजी माझा नंबर जोडायचा. पेन्सिलीची फुली आहे तिथे सही कर आणि रविवारी दिपकबरोबर पाठव. सपना म्हणाली, नंबर बदलला की ती फोनवरूनच ओळख करून देईल. सही करायची नसेल तर दिपकने गाडी खुशाल न्यावी. पंचवीसच्या वेगाने पुणे किती तासांवर आहे याचा हिशोब त्याला करू दे, आणि सोबत डबा दे.

ता. क. २ : वॉल्व्ह काढण्याआधी मोहनसिंगने मला विचारलं होतं. मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. “बाई, गाडीची वेसण बदलू का?” असं तो दोनदा म्हणाला, आणि मी मान वर न करता म्हटलं, बदल. नांदेडच्या फॉर्मवर ‘बिघाड कोणामुळे’ असा रकाना होता, तिथे मी माझं नाव लिहिलं आहे. तेव्हा काढायचं असेल तर मला काढ. पण मी तुझ्या नोकरीत नाही.

ता. क. ३ : तू पुण्याच्या हॉस्टेलवर होतास तेव्हा दर रविवारी आईशी तुझा ट्रंक कॉल लगेच लागायचा. इतर मुलं तीन-तीन तास थांबायची आणि तू त्यांना सांगायचास, की आमच्याकडची लाइन चांगली आहे. लाइन चांगली नव्हती. मी रांग मोडून लावायचे. त्याबद्दल मला मेमो मिळाला, एक बढती गेली. कोणासाठी लावत होतीस असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं नाही. हे तुला कधी सांगणार नव्हते. अर्जावर फुली दोन ठिकाणी आहे, मागच्या पानावरही.