शेवटच्या डब्याची फुली

कुंडल, ४ ऑगस्ट २०२४

चि. पारस यास ताईचे अ. उ. आ. आणि जय जिनेंद्र.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. पत्राला 'नंतर करतो' म्हणून गप्प करता येत नाही.

आप्पा जाऊन तीन महिने झाले. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं तू साताऱ्याला गेलास, तो गेलासच. आईला इस्लामपूरला माझ्याकडे न्यायला मी आलेय, पण ती घराला कुलूप लावायला तयार नाही. एक काम राह्यलंय म्हणते, कुठलं ते सांगत नाही. रोज सकाळची गाडी परसातल्या, रुळालगतच्या कुंपणापाशी उभी राहून बघते आणि आत येते. सूर्य मावळायच्या आत दोन घास खाते, तेही मी समोर बसले तर. सासूबाई समजूतदार आहेत, पण त्यांच्या समजूतदारपणालाही शेवट असेलच ना?

तुझा मित्र जयराज सांगत होता, तू कॉम्प्युटरवर आगगाड्या चालवतोस. गेटमनचा पोरगा घरबसल्या गाड्या पळवतो हे ऐकून आई पहिल्यांदा जराशी हसली. एकदा येऊन जा.

तब्येत सांभाळ, आणि लोभ फोनवरही असू दे.

तुझी,
चंदनाताई


सातारा, ११ ऑगस्ट

ती. ताईस पारसचा सा. न. वि. वि.

मी बरा आहे. ऑफिसला जातो, डबा खातो, झोप लागते. खरं सांगू? मला काहीच वाटत नाही. आप्पांचा फोटो बघितला तरी नाही. रडू येईल म्हणून वाट बघितली, मग वाट बघायचंही सोडून दिलं.

मी त्या खेळात गाड्या नुसत्या पळवत नाही, मार्ग तयार करतोय. सांगलीकडून आपल्या फाटकापर्यंत. भुयारी रस्ता व्हायच्या आधीचं फाटक, आप्पांची खोली, कडुलिंब, सगळं आहे. अशा मार्गाला गाडी जिथून उगवते आणि जिथे नाहीशी होते अशी दोन तोंडं द्यावी लागतात. त्यांना पोर्टल म्हणतात. आत यायचं तोंड सांगलीच्या अलीकडे वळणाआड ठेवलंय, त्यामुळे गाडी शून्यातून आलेली कुणाला दिसत नाही. ते छान जमलं. बाहेर जायचं तोंड फाटकापासून तीनशे मीटरवर ठेवलंय. त्यापुढे साताऱ्याकडचे रूळ मांडायला हातच धजत नाही.

पण फाटक उघडत नाही. गाडी येते, फाटक पडतं, गाडी नाहीशी होते आणि फाटक पडलेलंच राहतं. पलीकडे उसाचे ट्रॅक्टर तुंबलेत. आठवडा झाला, चूक सापडत नाही.

आईला नमस्कार. येण्याचं बघतो. माया कमी करू नकोस.

तुझा,
पारस


कुंडल, १६ ऑगस्ट

चि. पारस यास अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तुझ्या आठवड्याचं काम तिनं चहा गाळता गाळता केलं. तिनं एवढंच विचारलं, की पोराच्या गाडीला डबे किती? मी म्हटलं, असतील वीस-बावीस. मग ती म्हणाली, आगं, मग इंजिन तिकडं गायब हुतंय तवा निम्मे डबे फाटकाच्या अलीकडंच हायत की. शेवटच्या डब्याची फुली दिसल्याबिगर फाटक उघडंल कसं?

आठवतं ना तुला? शेवटच्या डब्याच्या पाठीवरची पिवळी फुली. ती बघितल्याशिवाय आप्पांनी कधी फाटक उघडलं नाही, वरातीचे लोक शिव्या देत उभे असले तरी. फुली नाही म्हणजे गाडी पुरती गेली नाही, डबे मागं कुठंतरी तुटून राहिलेत. म्हणूनच ते तुला शेवटच्या डब्यात बसायला लावायचे. निवृत्त झाल्यावरही तू निघालास की कुंपणाशी उभे राहायचे, दारातला तू आणि ती फुली दिसली की मगच घरात यायचे.

आता जे लिहिते ते मलाही कालच कळलं. तू गेलास त्या सकाळी आप्पांची हिरवी झेंडी घेऊन आई कुंपणाशी उभी होती. फुली दिसली, दारात तू नव्हतास. तू पुढच्या कुठल्यातरी डब्यात बसलास, हो ना? आईचं म्हणणं, पोरगं पुरतं गेलंच न्हाई, मी कुलूप कसं लावू? मला तिच्यावर रागवावं की रडावं ते कळेना. रडले.

उत्तर लवकर दे. एवढं तरी ताईचं ऐक.

तुझी,
चंदनाताई


सातारा, २० ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

हो, इंजिनामागच्या पहिल्याच डब्यात बसलो होतो. तोंड दुसऱ्या बाजूला करून. कुंपणाशी कुणी नसणार, हे बघायचं नव्हतं.

काल दोन किलोमीटर रूळ पुढं मांडले आणि बाहेरचं तोंड टेकडी फोडून केलेल्या कटिंगच्या आड नेलं. गाडी सोडली. डबे मोजत बसलो. फुली गेली आणि फाटक उघडलं. पहिला ट्रॅक्टर रुळावरून पलीकडे गेला. मला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. आलं नाही. तुंबलेला शेवटचा ट्रॅक्टर जाईपर्यंत बघत बसलो.

शनिवारी येतो. रविवारी आईच्या हातचं जेवून सोमवारी सकाळच्या गाडीनं निघेन. शेवटच्या डब्याच्या दारात उभा राहीन. आईला झेंडी काढून ठेवायला सांग, आणि तुझी बॅग भरून ठेव. फुली दिसली की कुलूप लावा.

तुझा,
पारस